गंगेचा गडू उत्तरेस नेला त्याची हकीकत

नॉर्वे नावाच्या देशात उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही हे खरे काय, असे मला भेटणारा प्रत्येकजण विचारतो. खरे आहे. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिले. या वयात मी तेथे कशासाठी गेलो, हे मात्र कोणी विचारीत नाही. कारण ते आपणास ठाऊक आहे असे सर्वांस वाटते. ते पुरते ठाऊक नाही, म्हणून लिहितो. आमच्या घरचे पाणी ज्यांना आता चालत नाही, त्यांना आमच्या घरचा कागद चालण्यास हरकत नसावी.

ठाणे, कार्तिक

मी सरकारी मोजणी खात्यात तीस वर्षे नोकरी केली. निवृत्त झाल्यावर ठाण्यात राहतो. घरात मी आणि कुटुंब, दोघेच. मुलगी पुण्यास दिली आहे. एक मुलगा होता, केशव. तो डॉक्टरी शिकण्यास विलायतेस गेला. जाऊ नको असे मी त्यास सांगितले होते.

पुढे मुलीचे लग्न अडले. समुद्र ओलांडलेला भाऊ ज्या घरात आहे त्या घरची मुलगी आम्ही करणार नाही, असे वरपक्षाने कळविले. केशवास प्रायश्चित्त घेण्यासाठी बोलाविले. मी पाप केलेले नाही, असे उत्तर आले. तेव्हा मी त्याचा घटस्फोट केला.

हा विधी ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अंगणात पाण्याने भरलेली घागर मांडतात. ज्यास कुळातून काढावयाचे त्याचे नाव घेतात आणि घरच्या मोलकरणीकडून ती घागर दक्षिणेकडे लाथेने कलंडवितात. तेथून पुढे तो मनुष्य जिवंत असला तरी घरच्यांस मेला. आमच्याकडे भांडी घासण्यास बाळकुमची रखमा होती. तिने लाथ मारली. पाणी अंगणभर वाहत गेले. मुलीचे लग्न झाले. केशवची पत्रे येत राहिली. ती मी न उघडता परत केली. अशी नऊ वर्षे गेली.

या कार्तिकात एक पत्र आले. अक्षर केशवचे नव्हते, म्हणून उघडले. नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडील एका बंदरातील पाद्र्याने ते इंग्रजीत लिहिले होते. उन्हाळ्यात हौशी लोकांस न मावळणारा सूर्य दाखविण्यासाठी तिकडे आगबोटी जातात. तशा एका बोटीवर केशव डॉक्टर होता. त्याच्या छातीत कफ दाटून ताप भरला. बोटीने त्यास या बंदरात उतरविले. एका घरी तो अकरा दिवस होता. ज्येष्ठात वारला. दहनाची तेथे चाल नाही; टेकडीवर पुरले.

मी पत्राचा मजकूर कुटुंबास मराठीत सांगितला. तिने सर्व ऐकून घेतले आणि एकच विचारले.

"शेवटी त्याच्या तोंडात पाणी कोणी घातलं?"

पत्रात ते नव्हते. तसे मी सांगितले. तिने पुन्हा विचारले नाही. ती रडल्याचे मी पाहिले नाही. पाहण्यासारख्या जागी ती रडली नसावी.

आमच्या देवघरात गंगेचा एक गडू होता. तिच्या आईने काशीहून आणलेला, तांब्याचा, तोंड कथलाने झाळून बंद केलेला. घरात कोणी मृत्युपंथास लागले म्हणजे तो फोडावयाचा. आम्हा दोघांसाठी तो ठेवलेला होता. पत्र आल्यापासून ती तो रोज चिंच लावून घासू लागली. आठव्या दिवशी तो तिने माझ्यासमोर आणून ठेवला.

"हा तिकडे न्या."

"हा आपल्या दोघांसाठी आहे," मी म्हणालो.

"ठाऊक आहे."

"मग आपल्याला?"

"आपल्याला विहिरीचं चालेल."

त्या दिवशी मी नकाशा काढला. मनुष्य निघावयाचे ठरवितो तेव्हा प्रवास सुरू होतो असे मी मानतो, म्हणून हकीकत येथून लिहिली.

कल्याण, माघ

पाद्र्यास मी लिहिले होते की केव्हा यावे. माघात उत्तर आले. उन्हाळ्याच्या आरंभी यावे. त्याआधी टेकडीची वाट बर्फाखाली असते. लोकरीचे कपडे आणावे. डोळ्यांवर बांधण्यास काळे फडके आणावे. सूर्य खाली जात नसल्यामुळे परक्या माणसास झोप लागत नाही. मी हिशेब केला. चैत्राच्या अखेरीस मुंबईहून निघाले तर ज्येष्ठात, त्याच्या वर्षाच्या सुमारास, तेथे पोचता येते.

एवढे ठरल्यावर मी कल्याणास अंतोबा शास्त्र्यांकडे गेलो. आम्ही एका पंतोजींच्या हाताखाली शिकलो. मला अरेतुरे करणारा हा एकच मनुष्य आता उरला आहे. शास्त्री ओसरीवर पोथीला पुठ्ठा बांधीत होते. मी प्रयोजन सांगितले.

"वर्षश्राद्ध तेथे जाऊन केले तर चालेल काय?"

"कोणाचं?"

"केशवचे."

शास्त्र्यांनी दोरीची गाठ पुरी केली. "सदोबा, केशव नऊ वर्षांपूर्वी वारला. घागर तू मांडलीस, संकल्प मी सांगितला. एक मनुष्य दोनदा मरत नाही. त्याला आता श्राद्ध नाही, तिथी नाही, काही नाही."

"पण तो मेला आता."

"हे तू मला सांगू नकोस. तेव्हा तुला मी दोन दिवस थांब म्हणालो होतो. थांबलास?"

मी थांबलो नव्हतो.

शास्त्री पोथी बाजूस ठेवून म्हणाले, "आणि तिकडे सूर्य मावळत नाही म्हणतोस. मग सायंसंध्या कधी करणार?"

"घड्याळ पाहून."

"गायत्री सूर्याची की घड्याळाची रे?"

"ते शास्त्र्यांनी सांगावे."

"पंचांगात नाही ते. पंचांग करणारे कल्याणच्या पलीकडे गेले होते कुठे?" एवढे बोलून ते हसले, मग त्यांचे हसणे थांबले. "परत आल्यावर प्रायश्चित्त घेशील ना?"

"मुलाने घेतले नाही. मी कसे घेऊ?"

"मग तुझीही घागर मांडतील लोक."

"मांडू देत. लाथ मारण्यास बाई मिळते का ते पाहा म्हणावे."

निघताना शास्त्र्यांनी आतून तांब्याभांडे आणले. मला तहान नव्हती, तसे सांगितले.

"पी," ते म्हणाले. "परत आलास म्हणजे मला देता येणार नाही."

मी प्यालो. ते मला शेणाळ्या तळ्यापर्यंत पोचविण्यास आले. वाटेत आम्ही यंदाच्या आंब्याच्या मोहराविषयी बोललो.

बाळकुम, फाल्गुन

मी समुद्रावर पाऊल टाकताच घरी येणारी माणसे येईनाशी होणार, हे उघड होते. मुलीच्या सासरहून तसे पत्रही आले. कुटुंबास सोबत कोण, हा प्रश्न होता. तिने एकच नाव सुचविले. ते मला नको होते. तथापि तीन दिवसांनी मी बाळकुमास गेलो.

वाट मिठागरांच्या बांधावरून आहे. मिठाच्या राशी गवताने शाकारण्याचे काम चालले होते. रखमा आपल्या अंगणात सुकत घातलेली मासळी राखीत बसली होती. घागर लाथाडल्यानंतर आठवड्याच्या आत तिने आमचे काम सोडले. त्यानंतर मी तिला आज पाहिले. केस पांढरे झाले होते.

"अगो बाय, रावसाब! वाट चुकलाव कं?"

"चुकलो नाही. तुझ्याकडेच आलो."

"आता कोनाला लाथ मारायची हाय? माझा पाय दुखतंय हल्ली."

माझे वय झाले नसते तर मी तेथूनच परतलो असतो. मी म्हणालो, "केशव वारला."

ती कावळ्यांवर हात उगारून बसली होती. तो हात तसाच राहिला. कावळ्याने एक मासा उचलला, तिकडे तिने पाहिले नाही.

"कवा?"

"गेल्या ज्येष्ठात. दूर देशी. मी तेथे जाणार आहे."

"आता जातंव? आता?" ती मोठ्याने म्हणाली. शेजारच्या दोघी कुडाआडून पाहू लागल्या. "त्या दिशी तुमी मना सांगलाव, मार लाथ. मी मारली. पोऱ्याला मी पायावर घेऊन न्हाऊ घातलेला, रावसाब. त्याच पायान मी लाथ मारली. घरी येऊन पाय धुतला. किती धुवायचा?"

मी उभा होतो. तिने बस म्हटले नाही, आणि मी बसण्याची अपेक्षा केली नव्हती.

"बाई घरी एकटी राहील," मी म्हणालो. "कोणी येणार नाही."

रखमाने तोंडास पदर लावला. मग तो काढून मासळी उलटी करू लागली. "येतंव मी. ओटीवर निजन. पन तुमचेसाठी नाय, सांगून ठेवतंव. बायसाठी."

"बाईसाठीच सांगितले," मी म्हणालो.

ठाणे, चैत्र

शिंप्याने लोकरीचा लांब डगला शिवून आणला. चैत्रातल्या दुपारी तो अंगावर घालून पाहावा लागला. शिंपी म्हणाला, "काका, जास्त वेळ उभे राहू नका, शिजाल." कुटुंबाने डगल्याच्या आत, उजव्या बाजूस, एक कप्पा शिवून घेतला. तो गडूच्या मापाचा होता.

शिदोरीस भाजलेले पोहे, मेतकूट, भाजणी, गूळ, तूप, लिंबाचे लोणचे घेतले. जहाजावरचे अन्न घ्यावयाचे नाही असा माझा निश्चय होता. निघण्याच्या दिवशी तिने आणखी एक पुरचुंडी दिली. आत हिरवा खण, तांदूळ, सुके खोबरे, सुपारी, हळदकुंकू.

"हे कोणासाठी?"

"ज्या बाईनं त्याला पाणी पाजलं असेल तिची ओटी."

"बाईनेच पाजले कशावरून?"

"पुरुष कुठे पाजतात?" ती म्हणाली.

नऊ वर्षांत माझ्याशी एवढे स्पष्ट ती प्रथमच बोलली. मी पुरचुंडी पेटीत ठेवली.

समुद्र

जहाजाच्या प्रवासाची वर्णने पुष्कळांनी लिहिली आहेत. मी ओकलो आणि बरा झालो. सुवेजचा कालवा पाहिला. खोदकाम सरळ आहे. मेतकूट इंग्लंड येण्यापूर्वीच संपले. इंग्लंडात मी पाच दिवस होतो, ते नॉर्वेची बोट मिळविण्यात गेले.

एक गोष्ट मात्र लिहिली पाहिजे. वाटेतील एका बंदरात जकातीच्या शिपायाने माझा डगला चाचपला आणि गडू बाहेर काढला. हालवून पाहिला. आत दारू आहे असा त्याचा ग्रह झाला. मी सांगितले, पाणी आहे. पाणी कोणी झाळून ठेवीत नाही, असे तो म्हणाला. माझ्या मुलाच्या थडग्यासाठी नेतो आहे, असे सांगेपर्यंत त्याने झाळलेल्या तोंडास आरीने भोक पाडले होते. चार थेंब त्याच्या मेजावर पडले. त्याने वास घेतला, माझ्याकडे पाहिले आणि टोपी काढली. मग आपल्याच मेणबत्तीचे मेण ओतून त्याने ते भोक बुजविले. त्याचा दोष नव्हता. तो आपले काम करीत होता. मीही आयुष्यभर आपले कामच केले.

उत्तरेचे बंदर, ज्येष्ठ

त्या गावाचे नाव लिहीत नाही. त्याचा उच्चार मला शेवटपर्यंत साधला नाही, आणि चुकीचे लिहिणे बरे नाही.

ज्यांनी ठाण्याची खाडी पाहिली आहे त्यांना त्या किनाऱ्याची थोडी कल्पना येईल. तेथेही समुद्र जमिनीत आत शिरलेला आहे. परंतु आमच्या खाडीस काठ आहे, चिखल आहे, मिठागर आहे. तेथे डोंगर पाण्यातूनच उभे राहतात आणि त्यांच्या माथ्यावर ज्येष्ठातही बर्फ असते. घरे लाकडाची, काहींच्या छपरावर माती टाकून गवत वाढविलेले. बंदरात उतरलो तो प्रथम वास आला. लाकडी मांडवांवर मासळी वाळत घातली होती, ओळीने, जशी कोपरीस खाडीकाठी घालतात. एवढे अंतर तोडून आल्यावर तोच वास. बाळकुमचे अंगण आठवले.

तेथील बायका तांदळाच्या पापडाएवढी पातळ भाकरी करतात. लोखंडी तवा आमच्या परातीएवढा असतो. भाकरी वाळवून महिनोन्महिने ठेवतात. भाजणी संपली तेव्हा मी तीच खाल्ली. निश्चय मोडला हे नमूद करतो. दुधाचा एक तपकिरी गोळा ते तीवर किसून घालतात. चव करपलेल्या खव्याची. मीठ मागितले तर समुद्राकडे बोट दाखवून हसतात. एरवी फार बोलत नाहीत. मला ते लोक आवडले.

पाद्री धक्क्यावर आला होता. उंच, हडकुळा, माझ्याच वयाचा. पुढे येऊन त्याने माझा हात धरला आणि विचारले, "सदाशिव?"

मी चमकलो. माझी पत्रे मी कचेरीच्या सवयीने आद्याक्षर आणि आडनाव लिहून पाठविली होती. शास्त्री सदोबा म्हणतात; पण सदाशिव अशी हाक मला आई गेल्यानंतर कोणी मारलेली नाही. याला हे नाव कोठून कळले हे विचारावयाचे राहून गेले. माझी पेटी कोणी उचलली होती तिकडे लक्ष गेले.

त्या संध्याकाळी, म्हणजे घड्याळात जेव्हा संध्याकाळ झाली तेव्हा, मी स्नान करून किनाऱ्यावर गेलो. ओंजळीत पाणी घेऊन पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिलो. सूर्य खाली आला. डोंगराच्या कडेकडेने सरकत उत्तरेस गेला. समुद्राला टेकणार असे वाटले. टेकला नाही. थोडा वेळ थांबला आणि वर चढू लागला. ओंजळीतले पाणी बोटांमधून गळून गेले होते. मला अर्घ्य द्यावयास क्षण मिळाला नाही. पाद्री मागे खडकावर बसून होता. तो म्हणाला, "तुमचा मुलगा गेला तेव्हा असेच होते. घरातले घड्याळ बंद पडले होते. आदला दिवस होता की पुढचा, आम्हाला ठरविता आले नाही. मी वहीत आदला लिहिला. चुकलो असेन."

श्राद्ध नाही असे शास्त्र्यांनी सांगितले होते. तिथीही खरोखरच नाही हे येथे समजले.

दुसऱ्या दिवशी पाद्र्याने मला त्या घरी नेले. एकाच खोलीचे घर. मालकीण साठीच्या पुढची, काळा पोशाख, डोक्यास काळा रुमाल. तिने मला खाटेकडे नेले. खाट खिडकीजवळ होती आणि खिडकीस काळे कापड लावलेले होते. उजेड त्याला सोसत नसे, असे तिने सांगितले. पाद्री तिचे बोलणे इंग्रजीत करून मला सांगत होता.

मी एकच विचारणार होतो. "शेवटी त्यास पाणी कोणी पाजले?"

पाद्र्यास हा प्रश्न विचित्र वाटला. त्याने दोनदा खात्री करून घेतली आणि मग तिला विचारले. बाई उठली. भिंतीवरून एक लाकडी पळी काढून तिने माझ्या हातात दिली. पळीचा दांडा एका बाजूने झिजलेला होता.

ती सांगू लागली. आठ दिवस तो इंग्रजी बोलत होता, पाद्र्यास ते समजत असे. शेवटचे तीन दिवस तो दुसरेच काही बोलू लागला. ते गावात कोणासच समजेना. एक शब्द तो पुन्हा पुन्हा म्हणे. तिने दूध पुढे केले, त्याने तोंड फिरविले. उशी दिली, पांघरूण दिले. मग पळी दाखविली तेव्हा त्याने मान हलविली. तेव्हापासून तो शब्द तिला कळू लागला.

"कोणता शब्द?" मी विचारले.

पाद्र्यास तो ठाऊक नव्हता. बाईने माझ्याकडे पाहिले आणि सावकाश म्हणाली, "पानी."

मी पळी तिला परत दिली. तिने ती मेजावर ठेवली.

पाद्र्याने पुढचे सांगितले. मरणापूर्वी तिने तीन पळ्या दिल्या. तिसरी गिळली गेली नाही.

मी सोबत आणलेली पुरचुंडी काढली. तोच पाद्री म्हणाला, "हिचा नवरा आणि दोन मुलगे एकाच वादळात बुडाले. त्यास आता पुष्कळ वर्षे झाली. म्हणून आजारी खलाशी ही घरी घेते."

आमच्याकडे विधवेची ओटी भरीत नाहीत. हळदकुंकू तर नाहीच. पुरचुंडी हातात घेऊन मी उभा राहिलो. हे शास्त्र मी कोणास विचारावे असे तेथे कोणी नव्हते. कोणी असते तरी मी विचारले नसते. मी पुरचुंडी सोडली आणि खण, तांदूळ, खोबरे, सुपारी आणि हळदकुंकवाची पुडी, सर्व तिच्या ओच्यात घातले. हे काम बायकांचे आहे. मला ते नीट जमले नाही. तांदूळ सांडले. तिने ते एकेक करून वेचले.

नंतर आम्ही टेकडीवर गेलो. वाट चढणीची आहे; बर्फ नुकतेच वितळल्यामुळे निसरडी. मी दोनदा पडलो. गडू डगल्याच्या कप्प्यात होता, त्यास इजा झाली नाही.

थडग्यांवर तेथे लाकडी फळ्या लावतात. केशवची फळी शेवटच्या रांगेत होती. मी चष्मा काढला, पुसला आणि वाचले. दोनच शब्द कोरलेले होते. केशव सदाशिवसेन.

"हे काय?" मी पाद्र्यास विचारले.

"आमच्या गावात आडनावे चालत नाहीत," तो म्हणाला. "मनुष्य कोणाचा मुलगा एवढे पुरते. सेन म्हणजे मुलगा. बोटीच्या कागदावर त्याचे आडनाव होते, पण फळीवर घालावयास मी त्यासच शुद्धीत असताना विचारले, की तू कोणाचा? त्याने सांगितले, सदाशिवाचा. इथे सर्व त्यास त्याच नावाने ओळखतात."

घटस्फोट केला त्या दिवशी मी पंचांसमोर म्हणालो होतो की कुळाचे नाव राखण्यासाठी हे करतो. ते नाव त्या फळीवर नव्हते. मी त्याचे नाव घरातून काढले होते. त्याने माझे काढले नव्हते.

मी गडूवरचे मेण फोडले आणि पाणी ओतले. आमच्या अंगणात घागरीचे पाणी वाहत गेले होते. हे वाहिले नाही. काळ्या मातीत जेथे पडले तेथेच मुरले. पाद्री आणि ती बाई दूर उभी होती. सूर्य डोक्यावर होता की कलला होता, मी पाहिले नाही.

ठाणे, भाद्रपद

पितृपक्षात घरी पोचलो. गावात घरोघर ब्राह्मण जेवावयास जात होते. आमच्याकडे कोणी येणार नव्हते. रखमा ओटीवर सुपात तांदूळ पाखडीत होती. तिने मला पाहिले आणि आत हाक दिली, "बाय, आलं गो."

मी पाय धुतले. रिकामा गडू कुटुंबासमोर ठेवला. तिने तो हातात घेऊन तोंडाकडून आत पाहिला. मी सर्व क्रमाने सांगितले. पळीचे सांगितले. तो शब्द सांगितला, तेव्हा तिने भिंतीस टेकून डोळे मिटले. 

"ओटी दिलीत?"

"दिली. ती विधवा आहे."

तिने डोळे उघडले. "मग?"

"तरी दिली. कुंकवासकट."

"बरं केलंत," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "नाव काय हो तिचं?"

 ते मी विचारले नव्हते. परक्या बाईचे नाव पुरुषाने विचारू नये अशा रीतीत मी वाढलो. गावात होतो ते चारही दिवस तिच्या हातची भाकरी खाल्ली आणि नाव न विचारता आलो.

"नाही विचारलं?" ती म्हणाली. "अहो, मी रोज कोणाच्या नावानं दिवा लावू?"

ओटीवरून रखमा म्हणाली, "बाय, पानी पाजनारीला नाव कशाला लागतं?"

 मग कुटुंबाने विचारले, "त्याच्या फळीवर काय लिहिलंय?"

"केशव."

"नुसतं?"

"पुढे माझे नाव आहे. केशव, अमक्याचा मुलगा, असे."

"आडनाव?"

"नाही."

तिने गडू मांडीवर घेतला. चिंचेने घासून घासून त्याची एक बाजू गुळगुळीत झाली होती. त्या बाजूवरून ती अंगठा फिरवीत राहिली. लग्नात उखाण्यात तिने माझे नाव घेतले होते. त्यानंतर बेचाळीस वर्षांत ते तिच्या तोंडून मी ऐकले नव्हते. नवऱ्याचे नाव बायको घेत नाही. मुलास पूर्ण नावाने ती कधी हाक मारू शकली नाही. शाळेतला पंतोजी अंगणातून तशी हाक मारी, तेव्हा ती दाराआड उभी राहून ऐकत असे.

"केशव सदाशिव," ती म्हणाली. मोठ्याने, स्पष्ट, ओटीपर्यंत ऐकू जाईल असे.

रखमाचे सूप थांबले.

मग ती उठली, मागील दारी विहिरीवर गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. तिने तो माझ्यासमोर धरला. मी पाणी प्यालो.